आधी कोण आले – भाडेकरू की बँक?



या महिन्याचा विषय भाड्याच्या घराचा आहे. दर महिन्याला वेळेवर भाडे देणाऱ्या, कोणाच्या अध्यात-मध्यात नसलेल्या कुटुंबाच्या दारावर एक दिवस बँकेची नोटीस चिकटवली जाते. नोटिशीत नाव घरमालकाचे असते. कर्ज त्याने घेतलेले असते, हप्तेही त्यानेच थकवलेले असतात. पण घर खाली करायची वेळ येते ती आत राहणाऱ्यावर. नोटीस लावणारी माणसे येतात तेव्हा पुरुष बहुधा कामावर गेलेले असतात. घरात असते ती बाई आणि लहान मुले.

अशा वेळी भाडेकरूला काही हक्क असतात का? असतात. पण ते किती, हे मुख्यतः एका साध्या प्रश्नावर ठरते: त्या घरावर आधी कोण आले, भाडेकरू की बँक? म्हणजे तुम्ही राहायला आलात ती तारीख आधीची, की मालकाने घर गहाण ठेवले ती तारीख आधीची? या प्रश्नाचे तोंडी उत्तर चालत नाही. ते कागदावर लागते. आजच्या लेखात एवढेच सांगायचे आहे, पण नीट सांगायचे आहे.

हा प्रश्न आपला का?

आमच्या मंठ्यातून कितीतरी कुटुंबे मुलांच्या अकरावी-बारावीसाठी, नीटच्या क्लाससाठी किंवा कामधंद्यासाठी जालना, छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई अशा शहरांत जातात आणि भाड्याने राहतात. त्यात आपल्या लोकांची एक वेगळी अडचण आहे. नाव ऐकल्यावर 'घर दिले गेले' असे सांगणारे मालक भेटतात, म्हणून घर मिळाले की आपण सुटकेचा श्वास टाकतो. मग कागदाची गोष्ट काढायला जीव धजत नाही. मालक नाराज होईल, दुसरा गिऱ्हाईक बघेल, ही भीती असते. नोटरीचा एखादा करार झाला तर झाला, नाहीतर 'आपल्याच माणसाचं घर आहे' म्हणून सारे तोंडी चालते. मालक आपल्याच मोहल्ल्यातला असला तर पावती मागणे म्हणजे त्याच्यावर शक घेणे, असेही आपण मानतो.

खरे तर आपल्याला हे वेगळे सांगायला नको. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार घ्यावेत, ही ताकीद आहे, आणि ती कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. लिहून घेणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे. पुढे कोणाचा हक्क मारला जाऊ नये, यासाठी ते असते.

कर्ज थकले की काय होते?

बँका आणि गृहकर्ज देणाऱ्या कंपन्या आज बहुतेक वसुली २००२ च्या सरफेसी कायद्याने करतात. या कायद्यामुळे बँकेला आधी दिवाणी दावा लावून वर्षानुवर्षे थांबावे लागत नाही. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खाते बुडीत धरले जाते. मग कलम १३(२) ची मागणी नोटीस निघते आणि कर्जदाराला पैसे भरायला ६० दिवस मिळतात. ही नोटीस कर्जदाराला आणि जामीनदाराला जाते. भाडेकरूला तिचा पत्ताही नसतो, आणि मालक तर सांगत नाहीच.

६० दिवसांत पैसे भरले नाहीत तर बँक कलम १३(४) प्रमाणे ताबा घेते. पहिला ताबा बहुतेकदा 'सांकेतिक' म्हणजे कागदोपत्री असतो. नोटीस दारावर चिकटवतात आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. भाडेकरूला गोष्ट कळते ती इथे. ही नोटीस लागली म्हणजे आजच घर सोडायचे असा अर्थ होत नाही. बँकेने कागदावर ताबा घेतला, एवढाच तिचा अर्थ.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला विरोध होणार असेल तर तिला कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. मुंबईसारख्या महानगरात हा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. जिल्हाधिकारी हे काम हाताखालच्या अधिकाऱ्याला सोपवू शकतात, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी तहसील कार्यालयाची माणसे पोलिसांसह दारात दिसतात. हे लक्षात ठेवा. बँकेचा वसुली एजंट एकटा येऊन 'संध्याकाळपर्यंत सामान काढा' म्हणू लागला, तर त्याला तसा अधिकार नाही. कुलूप तोडायचा किंवा सामान रस्त्यावर फेकायचा तर अजिबात नाही. त्याच्याकडे लेखी आदेश मागा. आदेश नसेल तर शांतपणे दार लावून घ्या आणि पोलिसांना फोन करा.

सहकारी बँकांनाही सरफेसी कायदा लागू आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूड सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तसा निकाल दिला. पतसंस्थेचा रस्ता मात्र वेगळा आहे. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेते आणि कलम १५६ खाली वसुली अधिकारी जप्ती व विक्री करतो. म्हणून नोटीस हातात आली की सर्वांत आधी वर कोणता कायदा आणि कोणते कलम लिहिले आहे ते वाचा. दाद कुठे मागायची, ते त्यावर ठरते.

तीन पायऱ्या

सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूंच्या हक्कांबद्दल तीन महत्त्वाचे निकाल दिले आहेत. वकिलाकडे जाताना त्यांच्या तारखा लिहून न्या. पहिला ३ एप्रिल २०१४ चा, इंटरनॅशनल ॲसेट्स रिकन्स्ट्रक्शन कंपनीच्या खटल्यातला. दुसरा २० जानेवारी २०१६ चा, बँक ऑफ इंडियाच्या खटल्यातला. तिसरा ११ सप्टेंबर २०१९ चा, सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या खटल्यातला. तिन्हींचे सार घेतले तर भाडेकरू तीन पायऱ्यांपैकी एका पायरीवर उभा असतो.

पहिली पायरी: घर गहाण पडण्याआधीपासून तुम्ही कायदेशीर भाडेकरू आहात आणि ते सिद्ध करू शकता. अशा वेळी बँक घर विकू शकते, पण भाडेकरूसकट. नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो. तुम्हाला काढायचे तर त्याला भाडे कायद्यातल्या कारणांनी, भाडे कायद्याच्या मार्गानेच जावे लागते. सरफेसी कायद्याचा आधार घेऊन भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण पुसून टाकता येणार नाही, हे २०१६ च्या निकालाने स्पष्ट केले.

दुसरी पायरी: घर आधी गहाण पडले, मग तुम्ही आलात, पण तेव्हा कलम १३(२) ची नोटीस निघालेली नव्हती. इथे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ६५-अ पाहिले जाते. गहाण ठेवलेले घर मालकाला भाड्याने देता येते, पण अटींवर. भाडे वाजवी असावे, पागडी किंवा आगाऊ भाडे घेतलेले नसावे, नूतनीकरणाचे वचन दिलेले नसावे आणि घराच्या बाबतीत मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त नसावी. शिवाय गहाणखतात 'बँकेच्या परवानगीशिवाय भाड्याने देणार नाही' अशी अट असेल तर ती अट चालते. कर्जाच्या कागदांत अशी अट बहुधा असतेच. म्हणून ही पायरी कच्ची आहे.

तिसरी पायरी: १३(२) ची नोटीस निघाल्यावर तुम्ही आलात. त्या नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकाला घर भाड्याने देताच येत नाही. असा करार बँकेवर बंधनकारक नसतो. काही मालक बुडताना शेवटचे डिपॉझिट गोळा करायला मुद्दाम घर भाड्याने देतात. त्यात सापडतो तो गरजू माणूस.

तोंडी व्यवहाराबद्दल २०१९ चा निकाल कडक आहे. करार तोंडी असेल किंवा नोंदणी झालेला नसेल, तर भाडेकरूला कायद्याने मान्य असलेल्या मुदतीपेक्षा, म्हणजे एका वर्षापेक्षा जास्त काळ ताबा टिकवता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. आपण पूर्वीपासून भाडेकरू आहोत असे नुसते म्हणून भागत नाही. भाडेपावती, वीजबिल, कराची पावती असे त्या काळातले पुरावे दाखवावे लागतात. न्यायालय इतके सावध का, तेही समजून घ्यावे. काही कर्जदार जप्ती टाळायला नातेवाइकाला 'जुना भाडेकरू' म्हणून उभे करतात. अशा खोट्या भाडेकरूंमुळे खऱ्या भाडेकरूकडेही संशयाने पाहिले जाते.

अकरा महिन्यांच्या कराराचे काय?

आपल्याकडे बहुतेक करार 'लिव्ह ॲन्ड लायसन्स' म्हणजे परवान्याचे असतात, अकरा महिन्यांचे. भाडेकरार आणि परवाना यांत मोठा फरक आहे. भाडेकरूचा जागेत हक्क निर्माण होतो. परवानाधारकाला फक्त वापरायची मुभा असते, आणि मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर गेली की नवा मालक त्या परवान्याने बांधील राहत नाही. तरी परवानाधारक अगदीच उघड्यावर नसतो. सामान हलवायला वाजवी वेळ मागणे हा त्याचा हक्क आहे. त्याचा दोष नसताना मुदतीआधी बाहेर पडावे लागले तर तो परवाना देणाऱ्याकडून भरपाई मागू शकतो.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असा एक गैरसमज घट्ट बसला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा परवान्याचा करार, मुदत काहीही असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि करार लेखी नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरले जाते. कलम २६ प्रमाणे भाड्याची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. हा कायदा त्याच्या परिशिष्टातल्या क्षेत्रांना लागू असतो. तुमचे गाव किंवा वस्ती त्यात येते का, ते वकिलाकडून पाहून घ्या. येत नसेल तरी मालमत्ता हस्तांतरण कायदा आहेच.

नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा ऑनलाइन होते. नोंदणी शुल्क ग्रामीण भागात ५०० आणि शहरी भागात १,००० रुपये आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्क्याच्या हिशेबाने लागते, आणि डिपॉझिटवर दहा टक्के व्याज धरून तेही त्या हिशेबात मिळवतात. एका ईदच्या कपड्यांच्या खर्चात बसेल एवढीच ही रक्कम होते.

हेवी डिपॉझिट

मुंबई, भिवंडी, मुंब्रा या भागांत आणि आता आपल्याकडेही एक पद्धत आहे. भाडे नाही किंवा नाममात्र, त्याऐवजी मालकाला चार-पाच लाख एकरकमी द्यायचे आणि घर सोडताना ते परत घ्यायचे. याचा शरई हुकूम काय, हे आपल्या आलिमांना विचारा, तो माझा विषय नाही. कायद्याची बाजू मात्र सांगते. एवढी मोठी रक्कम घेऊन घर देणारा मालक अनेकदा पैशांच्या अडचणीतच असतो. घर आधी गहाण असेल तर कलम ६५-अ मधली आगाऊ रक्कम न घेण्याची अट तुमच्या आड येऊ शकते. बँक घर विकते तेव्हा विक्रीच्या पैशातून आधी तिचे कर्ज फिटते. तुमचे डिपॉझिट बँकेने घेतलेले नसते, म्हणून ती ते परत देत नाही. ते मालकाकडूनच वसूल करावे लागते आणि मालक तर आधीच बुडालेला असतो. मुलीच्या लग्नासाठी जमवलेले, गावाकडची जमीन विकून आणलेले पैसे असे अडकतात. हेवी डिपॉझिट द्यायचेच असेल तर रोख देऊ नका, बँकेतून द्या आणि नोंदणीकृत करारात रकमेचा उल्लेख करून घ्या. त्याआधी घरावर कर्ज आहे का, ते तपासा.

एका घरची हकिगत

आमच्या शाळेतून गेलेल्या एका विद्यार्थिनीची आई काही वर्षांपूर्वी एक इंग्रजी कागद घेऊन माझ्याकडे आली. मुलीच्या बारावीसाठी हे कुटुंब जालन्यात भाड्याने राहत होते. वडील ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. पहिल्या वर्षी नोटरीचा करार झाला होता, पुढे सारे तोंडी. तिने एकच विचारले, "आपा, घर तो खाली करनाच पडेगा ना?"

आम्ही आधी तारखा मांडल्या. दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक दोनची नक्कल काढली, तेव्हा कळले की हे कुटुंब राहायला येण्याच्या दोन वर्षे आधीच घर गहाण पडले होते. म्हणजे पहिली पायरी नव्हती आणि करारही नोंदणीकृत नव्हता. घर टिकणार नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितले. खोटी आशा देऊन वकिलाच्या फीमध्ये आणखी पैसे घालवण्यात अर्थ नव्हता. पण तिच्याकडे दोन वर्षांच्या ऑनलाइन भाड्याच्या नोंदी होत्या आणि मुलीच्या बोर्डाच्या परीक्षेचे वेळापत्रक होते. ते जोडून बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला मराठीत अर्ज दिला: आम्ही कर्जदार नाही, भाडेकरू आहोत, भाडे थकलेले नाही, परीक्षा संपेपर्यंत मुदत द्यावी. बँकेने परीक्षेनंतरची तारीख लेखी दिली. मुलीने पेपर त्याच घरातून दिले. डिपॉझिट मात्र मालकाने निम्मेच परत केले, आणि उरलेल्या निम्म्यासाठी दाखवायला तिच्याकडे कागद नव्हता. ते रोख दिले होते.

नोटीस दिसल्यावर काय करावे?

पहिले काम, नोटिशीचा फोटो काढा. ती फाडू नका. मागणी नोटिशीची तारीख, रक्कम, ताब्याची तारीख आणि प्राधिकृत अधिकाऱ्याचे नाव-पत्ता त्यात असतो. नोटीस कधी लागली, ती तारीख वहीत लिहा.

दुसरे, मालकाला लेखी विचारा. व्हॉट्सॲपवर विचारले तरी चालेल, पण उत्तर जपून ठेवा.

तिसरे, आठवडाभराच्या आत प्राधिकृत अधिकाऱ्याला अर्ज द्या. तुम्ही कोण, कधीपासून राहता, भाडे किती, डिपॉझिट किती, हे लिहून करार, पावत्या आणि वीजबिल यांच्या नकला जोडा. पोच घ्या किंवा स्पीड पोस्टाने पाठवा. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. आत भाडेकरू आहे हे कागदावर आलेच नाही, तर कलम १४ चा आदेश तुमचे ऐकून न घेताच निघू शकतो. भाडेकरूचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, हे २०१४ च्या निकालात सांगितलेले आहे. पण ऐकवण्यासाठी आपण समोर यायला हवे.

चौथे, भाडे बंद करू नका. 'आता मालकच बुडाला, कशाला द्यायचे?' असे म्हणून भाडे थांबवणारा आपला हक्क स्वतःच कमजोर करतो. भाडे खात्यातून द्या, रोख नको. यापुढे भाडे आमच्याकडे भरा, अशी बँकेची लेखी नोटीस आली तर ती वकिलाला दाखवून मगच पाऊल टाका.

पाचवे, ४५ दिवस लक्षात ठेवा. बँकेच्या ताब्याच्या कारवाईविरुद्ध कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करायला एवढीच मुदत आहे. मराठवाड्यासाठी हे न्यायाधिकरण छत्रपती संभाजीनगरला आहे. २०१६ च्या दुरुस्तीने कलम १७(४-अ) आले आणि भाडेकरूचा दावा तपासण्याचे काम या न्यायाधिकरणाकडे दिले गेले. कराराची मुदत संपली आहे का, तो कलम ६५-अ किंवा गहाणखताच्या विरुद्ध आहे का, मागणी नोटिशीनंतर झाला आहे का, हे ते पाहते. बँकेला थांबवणारा मनाई हुकूम गावातल्या दिवाणी न्यायालयातून आणू, असे कोणी सांगितले तर सावध व्हा. कलम ३४ ने त्या न्यायालयाला यात मनाई केली आहे, आणि तिथे चकरा मारताना ४५ दिवस निघून जातात.

सहावे, वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जालन्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. देशभरासाठी १५१०० हा फोन क्रमांक आहे. करार पतीच्या नावावर असला तरी बाईने जाऊन आधी सल्ला घ्यायला काहीच हरकत नाही.

सातवे, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. घर बदलले म्हणून मुलांची शाळा सुटू देऊ नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते आठवीच्या मुलाला वर्षाच्या मध्येही नव्या शाळेत प्रवेश मिळतो. जुन्या शाळेने दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

दुसरीकडे काय झाले?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. २००८ साली अमेरिकेत लाखो घरांची कर्जे बुडाली. शिकागो शहर ज्या कुक काउंटीत आहे, तिथले शेरीफ टॉम डार्ट यांनी त्या ऑक्टोबरमध्ये जप्तीच्या घरांतून लोकांना बाहेर काढणेच काही काळ थांबवले. त्यांची माणसे आदेश घेऊन जात, तेव्हा आत नियमित भाडे देणारी, कर्जाबद्दल काहीच माहीत नसलेली कुटुंबे सापडत. पुढे मे २००९ मध्ये तिथे कायदा झाला की जप्तीच्या घरातल्या खऱ्या भाडेकरूला किमान ९० दिवसांची नोटीस मिळालीच पाहिजे. २०१४ च्या अखेरीस त्याची मुदत संपली आणि २०१८ साली तो कायमचा झाला.

आपल्या सरफेसी कायद्यात भाडेकरूसाठी असा ठरावीक ९० दिवसांचा नियम नाही. असायला हवा, असे मला वाटते. ज्याने कर्ज घेतलेले नाही, त्याला किमान मुलांची परीक्षा होईपर्यंत, दुसरे घर शोधेपर्यंत वेळ मिळणे हे इन्साफाला धरून आहे. तो नियम होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आपल्या हातात आहेत ते आपले कागद.

घर घेण्याआधी

म्हणून खरी काळजी नोटीस आल्यावर नव्हे, घर घेतानाच घ्यायची. मालकाला सरळ विचारा: घरावर कर्ज आहे का, कोणत्या बँकेचे, हप्ते चालू आहेत का? कर्ज असणे हा काही गुन्हा नाही, आज अनेक घरांवर ते असतेच. पण असेल तर भाड्याने द्यायला बँकेची लेखी परवानगी आहे का, तेही विचारा. दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक दोनचा शोध घ्या. सातबारा असेल तर 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा दिसतो. सिटी सर्व्हे झालेल्या भागात मिळकत पत्रिका पाहा. करारात एक ओळ घालून घ्या की या घरावर अमुक कर्ज आहे किंवा कोणतेही कर्ज नाही, आणि कर्जामुळे घर सोडावे लागल्यास डिपॉझिट परत करण्याची जबाबदारी मालकाची राहील. ही ओळ बँकेला बांधत नाही, पण मालकाला बांधते.

आणि जे मालक आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्या वाचकांत घर भाड्याने देणारेही बरेच आहेत. डिपॉझिट ही अमानत आहे. घर गहाण असताना, हप्ते थकलेले असताना ती गोष्ट लपवून एखाद्या कुटुंबाकडून डिपॉझिट घेणे म्हणजे त्यांना फसवणे होय. अडचण आली तर भाडेकरूला वेळेत सांगा. दोन महिने आधी कळले तर तो दुसरे घर शोधू शकतो. नोटीस लागल्यावर कळले तर त्याच्या हातात काहीच उरत नाही.

या आठवड्यात एक काम करा. कपाटातली करारपत्राची पिशवी काढा आणि तीन गोष्टी पाहा: करार नोंदणीकृत आहे का, त्याची मुदत संपली तर नाही ना, आणि गेल्या सहा महिन्यांच्या भाड्याचा लेखी पुरावा आहे का. घरातल्या बाईला आणि मोठ्या मुला-मुलींना हे कागद कुठे आहेत ते दाखवून ठेवा. ज्या घरी यातले काहीच नाही, त्यांनी पुढचे भाडे रोख न देता खात्यातून द्यावे. सुरुवात तिथून झाली तरी चालेल.